लाल पालवीचे झाड : जपानी मेपलच्या निमित्ताने

जपानी मेपल विदर्भातल्या आमच्या कारंजा गावात जगेल का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्यांत शिक्षक असतात, शेतकरी असतात, नवे घर बांधून अंगणात काय लावावे या विचारात पडलेली जोडपी असतात. प्रश्न कुठून येतो हेही ठाऊक आहे. आपल्या भागातल्या घराघरांतली मुले पुण्या-मुंबईमार्गे न्यू जर्सी, सिएटल, लंडनपर्यंत पोचली. ऑक्टोबर-नोव्हेंबर लागला की तिकडून फोटो येतात. भाचीच्या घरासमोर हाताच्या पंजासारख्या पानांचे एक ठेंगणे झाड असते आणि ते बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लालभडक झालेले असते. इकडे त्याच दिवसांत सोयाबीन मळून झालेले, तूर फुलावर आलेली आणि गावातले प्रत्येक झाड धुळीने माखलेले. असे झाड आपल्याही दारात असावे असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो : जगणार नाही. पण एवढे सांगण्यासाठी पुस्तिका लिहायची गरज नव्हती. ज्या मेपलसाठी आपण जीव टाकतो, त्याच्याच कुळातले एक झाड विदर्भाच्या रानात पूर्वापार उभे आहे. दर फाल्गुन-चैत्रात ते मेपलइतकेच लाल होते आणि आपण त्याच्याकडे मान वर करून पाहत नाही. त्या झाडाची, म्हणजे कुसुमाची, लागवड आणि निगा हा या पुस्तिकेचा विषय आहे. तिथे जाण्याआधी मेपलला न्याय देणे भाग आहे, कारण एखादे झाड आपल्याकडे का येत नाही हे नीट कळले की कोणते येईल हेही कळू लागते.

जपानी मेपल हे मूळचे जपान आणि कोरियाच्या डोंगरातले झाड. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पीटर थुनबर्ग याने १७८४ मध्ये त्याला 'एसर पाल्माटम' हे शास्त्रीय नाव दिले. जंगलात ते मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते. उंची साधारण सहा ते दहा मीटर, मुळे उथळ, पाने पातळ. माती त्याला किंचित आम्लधर्मी, पालापाचोळ्याने भुसभुशीत झालेली आणि कायम ओलसर लागते, मात्र पाणी साचलेले चालत नाही. जपानी माळ्यांनी शेकडो वर्षे निवड आणि कलमे करून त्याच्या हजाराहून अधिक जाती जोपासल्या. काहींची पाने झालरीसारखी चिरलेली, काहींची खोडे हिवाळ्यात पोवळ्यासारखी लाल. बियांपासून जात शुद्ध उतरत नाही म्हणून नावाजलेल्या जाती कलमानेच वाढवतात. बी रुजवायचे तर त्याला आधी तीन-चार महिने ओलसर थंडीत, एक ते पाच अंश सेल्सिअसच्या आसपास, ठेवावे लागते. त्याशिवाय ते उगवतच नाही.

या झाडाचे सारे रहस्य थंडीत आहे. शरदात रात्रीचे तापमान आठ अंशांच्या खाली उतरू लागले की पानातले हरितद्रव्य मोडते, दिवसा तयार झालेली साखर पानातच अडकते आणि तिच्या आधाराने लाल रंगद्रव्य तयार होते. त्यानंतर पाने गळतात आणि झाड झोपी जाते. ही झोप काही आठवडे सलग, खऱ्या थंडीत झाली पाहिजे. ती पुरी झाली नाही तर वसंतात डोळे नीट फुटत नाहीत. काही फांद्या उशिरा पालवतात, काही पालवतच नाहीत, आणि दोन-तीन वर्षांत झाड खंगून जाते.

आता कारंज्याचे हवामान त्याच्याशेजारी ठेवून बघा. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांना जातो आणि दुपारभर कोरडी, भाजणारी झळ वाहते. मेपलच्या पातळ पानातून जितके पाणी उडते तितके मुळे ओढू शकत नाहीत, मग पानांच्या कडा करपतात. लोक समजतात पाणी कमी पडले, आणखी पाणी घालतात, आणि काळ्या मातीत मुळे कुजतात. त्याहून वाईट म्हणजे आपल्या उन्हाळ्यातल्या रात्री. दिवसभर कमावलेली साखर झाड उष्ण रात्री श्वसनातच खर्च करून टाकते, हाती काही उरत नाही. माती तर थेट विरोधात. आपली काळी कसदार जमीन अल्कधर्मी, चुनखडीयुक्त. अशा जमिनीत मेपलला लोह मिळत नाही, पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हिवाळा म्हणाल, तर पौषात चार दिवस हुडहुडी भरते, पण संक्रांत उलटली की ऊन चढते. झाडाला झोप लागेल एवढी सलग थंडी आपल्याकडे नाही.

चिखलदऱ्याला तरी येईल का, महाबळेश्वरला तरी, असेही विचारतात. दोन्हीकडे उन्हाळा सुसह्य आहे, पण थंडी जपान-कोरियाच्या मानाने फार थोडी. भारतात मेपल आहेत ते हिमालयात. काश्मीरपासून अरुणाचलापर्यंत त्यांच्या अनेक रानटी जाती आढळतात आणि तिथल्या थंड गावांत जपानी मेपलही धरतो. खोलीत एसी लावून कुंडीत वाढवण्याचा विचार सोडून द्यावा. मेपलला उघड्यावरचा हिवाळा लागतो, यंत्राचा गारवा त्याची जागा घेत नाही. इंटरनेटवर निळ्या, जांभळ्या, इंद्रधनुषी मेपलची बियाणे विकायला असतात. निळ्या पानांचा मेपल जगात कुठेही नाही. ते फोटो रंगवलेले असतात आणि पाकिटात काय निघेल ते देव जाणे. त्या पैशांत गावातल्या नर्सरीतून दहा देशी रोपे येतात.

परदेशी असलेल्या आपल्या मुलांसाठी मात्र चार गोष्टी इथेच लिहून ठेवतो, कारण त्यांच्या अंगणात हे झाड खरोखर आहे आणि फोनवर विचारणा होत असते. झाड खोल लावू नका. मुळांचा वरचा फुगवटा मातीच्या वर दिसला पाहिजे. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा निवडा. बुंध्याभोवती लाकडाच्या सालींचे दोन-तीन इंच आच्छादन घाला, पण ते खोडाला टेकू देऊ नका. भरमसाठ नत्र घालू नका, त्याने फांद्या लांबतात आणि रंग फिका पडतो. वसंतात रस वर चढत असताना छाटणी टाळा, कापलेल्या जागेतून तो वाहत राहतो. एखादी फांदी अचानक सुकली आणि आत लाकडात काळपट रेघा दिसल्या तर तो मातीतल्या बुरशीचा मर रोग असतो. ती फांदी काढून टाका, हत्यार निर्जंतुक करा आणि त्या जागी पुन्हा मेपल लावू नका.

आता आपल्या झाडाकडे वळू.

मेपलचे पूर्वी स्वतंत्र कूळ मानत. जनुकांचा अभ्यास पुढे गेल्यावर वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते रिठ्याच्या कुळात विलीन केले. म्हणजे आजच्या वर्गीकरणात जपानी मेपल, रिठा, लिची आणि आपला कुसुम हे सगळे एकाच कुळातले भाऊबंद आहेत. कुसुमाचे शास्त्रीय नाव 'श्लायकेरा ओलिओसा'. कोकणात आणि घाटावर याला कोशिंब म्हणतात. मेळघाटात, गडचिरोलीच्या जंगलात, सह्याद्रीच्या उतारांवर तो आहे. ओढ्याकाठी त्याला विशेष मानवते. आपल्याकडे १५ ते २० मीटर उंच होतो. बुंधा आखूड आणि जाड, डोई गोल, भरगच्च. एका देठावर बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या, देठाजवळची जोडी सर्वांत लहान आणि टोकाची सर्वांत मोठी. ही खूण लक्षात ठेवली की रानात कुसुम चुकत नाही.

माघाच्या शेवटी त्याची पाने झडतात आणि फार दिवस न थांबता नवी पालवी येते. ती हिरवी नसते. आधी गडद माणिकरंगी, लोंबती, हाताला ओल्या कापडासारखी मऊ. मग तांबूस, मग तांब्यावर पोपटी झाक, आणि दोन-तीन आठवड्यांत तकतकीत हिरवी. उन्हाच्या विरुद्ध बाजूला उभे राहून पानांतून गाळून येणारा उजेड पाहिला, की अंगणातल्या मेपलचे फोटो पाठवणाऱ्या भाचीला उलट फोटो धाडावासा वाटेल. एकाच झाडावर तिन्ही अवस्था एकदम दिसतात, कारण सगळ्या फांद्या एका दिवशी फुटत नाहीत. पळस त्याच सुमारास फुललेला असतो, म्हणून लोकांचे डोळे तिकडे लागतात आणि कुसुमाचा रंग फुलांचा नसून पानांचा आहे हे लांबून कळतही नाही.

मेपल जाताना लाल होतो, कुसुम येताना. रंगद्रव्य दोघांत एकाच जातीचे आहे. कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून भरायचे असते आणि वरून चैत्राचे ऊन कोसळत असते. लाल रंग त्या उन्हापासून पेशींना आडोसा देतो असे शास्त्रज्ञ मानतात. कीटकांना असे पान खाण्याजोगे वाटत नसावे, हेही एक कारण सांगितले जाते. म्हणजे आपल्या झाडांचा रंग उन्हाने घडवलेला आहे. आपल्या हवामानाकडे आपण नेहमी तक्रारीच्या सुरात पाहतो, पण हा रंग त्याच हवामानाने दिलेला आहे.

कुसुम नुसता शोभेचा नाही. त्याचे लाकूड इतके टणक की पूर्वी तेलाच्या घाण्याचे भाग, उखळी-मुसळे आणि बैलगाडीचे आस त्यातून घडवत. त्यावर लाखेचे किडे पोसतात आणि कुसुमावरची लाख सर्वांत उंची समजली जाते. रांचीच्या लाख संशोधन संस्थेचे काम १९२४ पासून चालू आहे आणि झारखंड-छत्तीसगडात कितीतरी आदिवासी कुटुंबांच्या घरखर्चाला या लाखेचा हातभार लागतो. फळाचा गर आंबट, पोरे आवडीने खातात. बियांच्या तेलाला मकासर तेल म्हणून एकोणिसाव्या शतकात युरोपात केसांसाठी मोठी मागणी होती. बियांत सायनाइड सोडणारी द्रव्ये असल्याने हे तेल खाण्यात वापरू नये, मुलांनाही बी फोडून खाऊ देऊ नये. गर खावा, बी टाकावे. टाकण्यापेक्षा पेरावे.

कारंज्यात ते कुठे लावावे हे सांगताना मला थोडे परखड व्हावे लागेल. कुसुम कुठेही फेकले आणि उगवले, असे झाड नव्हे. मुरमाड, कोरड्या टेकाडावर ते रखडते. तिथे अंजन लावा, अंजनासारखे चिवट झाड दुसरे नाही. कुसुमाला नाल्याचा काठ, विहिरीची कड, शेततळ्याचा बांध, शाळेचे प्रशस्त आवार द्या. अडाण नदीच्या आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठांवर अशा जागा हव्या तेवढ्या आहेत. पिकाच्या मधोमध धुऱ्यावर लावू नका. झाड मोठे झाले की सावलीखालच्या तुरीला शेंगा धरत नाहीत आणि मग शेतकरी कुऱ्हाड उचलतो. त्यात त्याची चूक नसते, लावणाऱ्याची असते. घराच्या भिंतीपासून निदान २५-३० फूट लांब ठेवा.

बी ज्येष्ठ-आषाढात पिकते. अभयारण्यातून बी उचलू नये, तो कायद्याने गुन्हा आहे. वनविभागाच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत मागणी नोंदवावी किंवा गावाकडे, पाहुण्यांच्या शेतात झाड असेल तर खालची फळे वेचावीत. वरचे ठिसूळ कवच काढून गर पाण्यात चोळून धुवावा, चिकटपणा राहिला तर राख लावून चोळावे. बी सावलीत एक दिवस सुकवून लगेच पेरावे. ठेवलेल्या बियांचा जोम झपाट्याने उतरतो. पेरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवले की उगवण बरी होते. नेहमीच्या आखूड पिशव्या इथे कामाच्या नाहीत, कारण रोपाचे सोटमूळ पानांपेक्षा आधी धावते आणि पिशवीच्या तळाशी वेटोळे घेते. असे वेटोळे झालेले रोप लावले तर ते पाच वर्षांनी वादळात आडवे होते. म्हणून फूटभर उंचीच्या पिशव्या घ्याव्यात. पोयटा माती, रेती आणि कुजलेले शेणखत सारखे मिसळावे. पहिल्या वर्षी रोप वीतभर वाढले तरी समाधान मानावे, त्याचे काम जमिनीखाली चाललेले असते.

खड्डा उन्हाळ्यात खणून तापू द्यावा. दोन फूट लांब, रुंद आणि खोल पुरे. काळ्या मातीत तळाशी अर्धा फूट मुरूम घालावा, नाहीतर पावसाळ्यात खड्ड्याचे डबके होते. मृगाच्या पहिल्या सरीला घाई करू नये. मृग आला आणि मग तीन आठवडे गायब झाला, असे आपण वऱ्हाडात किती वेळा पाहिले आहे. आर्द्रा-पुनर्वसूत ओल चांगली मुरली की एक वर्षाचे रोप लावावे. बुंध्याभोवती बोराटीच्या काट्यांचे कुंपण उभारावे, शेळीला कुसुमाची पालवी फार आवडते.

खरी परीक्षा पहिल्या तीन उन्हाळ्यांत होते आणि ती पाण्याहून अधिक भेगांची असते. फेब्रुवारी उलटला की काळी जमीन सुकून आवळते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या भेगा कोवळी मुळे ताणून तोडतात आणि खोलवरची ओलही त्याच वाटेने उडून जाते. रोप पाणी असून सुकते आणि माणूस बुचकळ्यात पडतो. उपाय साधा आहे. जानेवारीतच आळे खुरपून माती भुसभुशीत करावी आणि त्यावर सोयाबीनचे कुटार वीतभर पसरावे. भेग दिसताच ती सुटी माती ढकलून बुजवावी. कुटारात उधळी लागते, म्हणून खोडाभोवती हातभर जागा मोकळी सोडावी आणि आळ्यात मूठभर निंबोळी पेंड घालावी. पाण्यासाठी मडक्याची जुनी पद्धत अजून उत्तम. बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात कापडाची वात घालावी, मडके रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरावे आणि आठवड्यातून दोनदा भरावे. चौथ्या वर्षी सोटमूळ खालच्या ओलीला पोचते, पुढे झाड आपले आपण बघते.

ज्यांच्याकडे एवढी जागा नाही त्यांनी नाराज होऊ नये. पुस्तिकेच्या उत्तरार्धात इतर झाडे आली आहेत. पिंपळाची गुलाबी-तांबूस पालवी, मोहाची तांबडी कोवळी पाने, आणि ज्याच्या नावाशी आपल्या गावाचे नाव जोडले जाते त्या करंजाची तुकतुकीत पोपटी पालवी. करंज भर उन्हाळ्यात दाट सावली देतो, हवेतले नत्र मुळांच्या गाठींत बांधतो, त्याची पेंड शेताला चालते, पाने दशपर्णी अर्कात पडतात. गावातल्या रस्त्यांसाठी तो माझी पहिली पसंती आहे. आणि मेपलसारखे गळण्याआधीच रंगणारे झाड हवे असेल तर रानातला धावडा पाहा. त्याची पाने थंडीच्या अखेरीस तांबूस होतात. अंगणात तोच रंग देशी बदाम देतो.

जपानकडून आपण घ्यावे असे एक आहे. तिथे शरदात लोक सहकुटुंब पाने पाहायला निघतात. क्योतोच्या मंदिरांत त्या दिवसांत गर्दी लोटते, रंग कोणत्या गावात कधी चढेल याचे अंदाज बातम्यांत सांगितले जातात. झाड जपले जाते ते पाहणाऱ्यांमुळे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेले उद्यान आहे, त्याला पु. ल. देशपांडे यांचे नाव आहे. ते जपानी वाटते ते पाणी, दगड, हिरवळ आणि टेकाड यांच्या मांडणीमुळे. दृष्टी बाहेरून आणता येते. झाड मात्र मातीला विचारूनच लावावे लागते. नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानाच्या आणि इथल्या प्राचीन जैन मंदिरांच्या दर्शनासाठी दूरदूरचे लोक कारंज्याला येतात. चैत्रातल्या लाल पालवीसाठीही त्यांनी दोन घटका थांबावे, असे या गावाचे रस्ते करता येतील. हे काम पंधरा-वीस वर्षांचे आहे आणि ते कुणीतरी आज सुरू केले पाहिजे.

उत्साहाच्या भरात एक जागा मात्र सोडायची आहे. सोहोळच्या काळवीट अभयारण्याच्या आसपासची गवताळ माळराने ओसाड नाहीत. काळविटाला मोकळे गवत आणि लांबवर नजर लागते. माळढोक, तणमोर हे पक्षीही अशाच गवताळ रानांचे रहिवासी. तिथे झाडे लावणे म्हणजे त्यांचे घर बुजवणे. वृक्षारोपणाचे फलक घेऊन कुणी त्या बाजूला निघाले तर त्यांना थांबवा आणि नाल्याकाठी आणा.

पुस्तिका वाचून बाजूला ठेवू नका. रोपवाटिकेतली मागणी मे संपण्यापूर्वी नोंदवा, खड्डे त्याआधी खणून ठेवा, आणि एका घराने एकच कुसुम लावला तरी चालेल, पण तीन उन्हाळे त्याला पाणी घालण्याची जबाबदारी घरातल्या एका माणसाच्या नावावर टाका.